रामजी सुभेदारांचा मुलगा

ग्रंथाची अर्पणपत्रिका ही इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी वापरत नाही. वाचक ती नजरेखालून घालतो आणि पान उलटतो. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका ओळीने मांडल्या, तर त्यांच्या ऋणांची एक वहीच समोर येते. 'हू वेअर द शूद्राज?' हा १९४६चा ग्रंथ जोतीराव फुल्यांना अर्पण केलेला आहे. १९४८चा 'द अनटचेबल्स' नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ दिवंगत पत्नी रमाबाईंच्या स्मृतीला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५चा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना, त्यांनी शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल. आणि या सगळ्यांच्या आधी, १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने काढलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा पहिला मोठा ग्रंथ. तो आई आणि वडील यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. म्हणजे शिक्षणाचा सगळा भार ज्यांनी वाहिला ते वडील, रामजी मालोजी सकपाळ, फौजेतले सुभेदार. चरित्रग्रंथांत रामजींना पहिल्या एकदोन प्रकरणांत जागा मिळते आणि मुलगा अमेरिकेला निघाला की ते मागे पडतात. मला मात्र गेली काही वर्षे असे वाटत आले आहे की रामजी बाबासाहेबांच्या आयुष्यातून १९१३ साली गेलेच नाहीत. एका फौजी बापाचे ऋण मुलाने कसे मानले आणि कसे फेडले, हे पाहायचे तर चरित्राच्या पहिल्या प्रकरणावर थांबून चालत नाही. ते १९२७च्या महाडपर्यंत आणि १९४१च्या बेळगावपर्यंत शोधत जावे लागते.

कोनहून महाडकडे

या विषयाकडे मी कसा आलो, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण माझ्या नावापुढे पदवी नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेबाच्या वह्या लिहिण्यात नोकरीची वर्षे गेली. वाचनाची सवय परळच्या चाळीत लागली आणि ती सुटली नाही. सध्या मुक्काम पनवेलजवळच्या कोन गावी, गिरणी कामगारांच्या २०१६च्या सोडतीत वडिलांच्या नावे लागलेल्या घरात.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा १९६३ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. त्या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातल्या सागरला. पंधरा वर्षे नोकरी केली, १९७१च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते, पेन्शन घेऊन आले आणि गिरणीत वॉचमन म्हणून लागले. तीन वर्षांत, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात घरात नियमित येणारा पैसा एकच होता, फौजेची पेन्शन. आम्हा तिघा भावंडांच्या शाळेची फी त्यातून भरली गेली.

त्यांच्या ट्रंकेत एक पदक आहे आणि एक कागद आहे. पदक पत्र्याच्या डबीत पडलेले असते. कागद मात्र प्लास्टिकमध्ये घालून घेतलेला. तो आहे आर्मी सेकंड क्लासचा, म्हणजे फौजेने जवानाला शिकवून परीक्षा घेऊन दिलेला शिक्षणाचा दाखला. लढाईबद्दल विचारले की दादा म्हणतात, ''लढाईचं काय सांगायचं? सगळेच होते तिथं. पलटणीत शाळेत बसलो, ते लिही.'' गावात चौथीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचे हे म्हणणे मी बरीच वर्षे नम्रपणा समजून ऐकत आलो. रामजी सुभेदारांविषयी वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की हे म्हणणे शंभर वर्षांहून जुने आहे. फौजेने काय दिले, या प्रश्नाला कोकणातल्या महार पेन्शनरांच्या घरांत पिढ्यानपिढ्या हेच उत्तर दिले गेले आहे.

कोनजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो. तो शिरढोण, पेण, माणगाव करत महाडला जातो. महाडच्या पलीकडे मंडणगड तालुका, त्यात आंबडवे हे सकपाळांचे मूळ गाव, आणि त्याच्या पुढे दापोली. पनवेल आणि महाड हे दोन्ही तालुके तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. ही हकीकत घडली ती बरीचशी याच पट्ट्यात.

पलटणीतली शाळा

स्वतःच्या घराण्याविषयी बाबासाहेबांनी फार लिहिलेले नाही. जे लिहिले त्यातला महत्त्वाचा भाग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मपर लेखनात आहे. तिथे ते सांगतात की घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याच्या आरंभापासून पूर्वजांनी वंशपरंपरेचे काम सोडून कंपनीच्या फौजेत नोकरी धरली, वडिलांनीही तीच वाट घेतली आणि ते सुभेदार होऊन निवृत्त झाले. पूर्वज कोणत्या लढाईत लढले, कोणी काय पराक्रम केला, याबद्दल तिथे एक शब्द नाही. वंशपरंपरेचे काम सुटले, एवढ्याच गोष्टीवर त्यांचा भर आहे. महारकीतून बाहेर पडण्याचा रस्ता म्हणून ते फौजेकडे पाहतात.

आजोबा मालोजी फौजेत होते. आईचे माहेर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे, तेही सुभेदारांचे घराणे. रामजी मात्र फौजेत वेगळ्या कामाने वर आले. पुण्याच्या पंतोजी शाळेत, म्हणजे फौजेसाठी शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, त्यांचे शिक्षण झाले. ते पलटणीच्या शाळेत शिक्षक झाले आणि चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. फौजेत त्या काळी देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांसाठी दिवसाची शाळा, मोठ्यांसाठी रात्रीची. मुलींनाही ती शाळा होती. बाहेरच्या गावांत ज्या जातीच्या मुलाला शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत, त्या जातीच्या बायका फौजेच्या वस्तीत लिहायला वाचायला शिकत होत्या. धनंजय कीरांनी आपल्या चरित्रात या गोष्टीला महत्त्व दिले आहे आणि ते योग्य आहे.

रामजी कबीरपंथी होते. दारू नाही, मांसाहार नाही. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत, कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग म्हटले जात. जोतीराव फुल्यांविषयी त्यांना आदर होता. पलटणीचा मुख्याध्यापक, कबीराचा भक्त आणि फुल्यांचा चाहता, असा हा सुभेदार. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना चौदावे अपत्य झाले, ते भीमराव.

बंद झालेले दार

भीमराव रांगत होते तेव्हाच सरकारने महारांची फौजभरती थांबवली. १८९२-९३ची ही गोष्ट. हिंदुस्थानात काही जाती 'लढवय्या' आणि बाकीच्या नाहीत, हे मत तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांत जोर धरत होते आणि सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांची नावे विजयस्तंभावर कोरली, त्यांच्या नातवंडांना पाऊण शतकानंतर भरतीच्या रांगेतून परत पाठवण्यात आले.

या निर्णयाने नोकऱ्या गेल्या, हे उघडच आहे. पण त्याहून मोठे नुकसान शाळेचे झाले. भरती बंद म्हणजे पलटणीची शाळा बंद, तिथे तयार होणारा शिक्षक बंद, आणि मुलीला वाचायला शिकवणारी छावणीची वस्तीही बंद. जे पेन्शनर गावी परतले त्यांना हे लगेच कळले. महाड तालुक्यातल्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले होते. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था काढली. भरती बंद झाल्यावर १८९४ साली त्यांनी सरसेनापतींकडे पाठवायचा विनंती अर्ज तयार केला. रामजी सुभेदारही गप्प बसले नाहीत. निषेधाचा अर्ज लिहून घेण्यासाठी ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडे गेल्याचे कीर सांगतात. पुढे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी हीच मागणी थेट विलायतेपर्यंत नेली.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनरांची मोठी वस्ती होती. आयुष्यभर पलटणीच्या पोरांना शिकवलेल्या या माणसाच्या स्वतःच्या मुलांना शाळेत घालायची वेळ आली, ती अशा गावात की जिथे पेन्शनरांना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी सरकारकडे अर्ज करावे लागत होते. छावणीच्या कुंपणाच्या आत सुभेदार, बाहेर अस्पृश्य. हा फरक रामजींनी उतारवयात पाहिला आणि भीमरावांनी कळायला लागल्यापासून.

साताऱ्याचा राग

दापोली सोडून कुटुंब साताऱ्याला गेले. रामजींनी सरकारी खात्यात नोकरी धरली. तिथेच भीमाबाईंचे निधन झाले आणि आत्या मीराबाईंनी घर सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

कृतज्ञतेचा इतिहास लिहिताना एक धोका असतो. सगळे गोड लिहिले जाते. बाप आणि मुलगा यांच्यात काही खटकलेच नाही, असे चित्र तयार होते. बाबासाहेबांनी स्वतः तसे होऊ दिलेले नाही. रामजींनी दुसरे लग्न केले आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर दिसले, तेव्हा भीमरावांना अतिशय राग आला. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत पोऱ्या म्हणून लागायचे, असे त्यांनी ठरवले. साताऱ्याची कितीतरी मुले तेव्हा गिरण्यांत जात होती. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा मिळवण्याची खटपट त्यांनी रात्रीमागून रात्री केली आणि अखेर हाती आला तेव्हा त्यात निघाला अर्धा आणा. त्या क्षणी शरम वाटली आणि नेटाने अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहायचे ठरले. ही आठवण त्यांनी मोठेपणी लपवली नाही. गिरणी कामगारांच्या वसाहतीत बसून हे वाचताना मला एवढेच वाटते की त्या बटव्यात गाडीभाड्यापुरते पैसे असते, तर साताऱ्याचा आणखी एक पोरगा साच्यावर उभा राहिला असता.

गोरेगावच्या प्रवासाची हकीकत याच काळातली, १९०१ची. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि रामजी तिथे खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले. नवे कपडे घालून मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः गाडी हाकत मुलांनी प्रवास केला. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्र उपाशी काढली. अस्पृश्यता म्हणजे काय हे या प्रवासाने आपल्याला कायमचे शिकवले, असे बाबासाहेब सांगतात.

ही हकीकत अनेकदा सांगितली जाते. तिच्यातल्या बापाकडे मात्र कोणी पाहत नाही. सरकारी खजिना ज्याच्या हवाली करण्याइतका विश्वास होता, त्या निवृत्त सुभेदाराच्या मुलांना घोटभर पाणी मिळू शकले नाही. फौजेतला हुद्दा बापाबरोबर चालतो, मुलांच्या पाठीशी उभा राहत नाही. म्हणून मुलांना असे काहीतरी द्यायला हवे की जे त्यांच्या अंगी लागेल. रामजींनी हा विचार कुठे लिहून ठेवलेला नाही. पण पुढची दहा वर्षे ते जसे वागले त्यातून तो स्पष्ट दिसतो.

परळची एक खोली

१९०४ साली कुटुंब मुंबईला आले आणि परळला डबक चाळीत राहू लागले. खोली एकच. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. उशाशी जाते, पायाशी बकरी, असे वर्णन कीरांनी केले आहे. वडिलांनी त्यावर तोड काढली. मुलाला लवकर झोपायला लावायचे, आपण जागत बसायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. शेजार निजलेला असे, तेवढाच काळ शांततेचा. पहाऱ्याची पाळी बदलावी तशी ही पाळी रोज बदलत होती.

इंग्रजीचा पाया रामजींनीच घातला. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. पलटणीच्या मुख्याध्यापकाची चौदा वर्षांची सवय आता एका विद्यार्थ्यावर खर्च होत होती. मुलाला पुस्तकांची अनावर ओढ. क्रमिक नसलेलीही पुस्तके तो मागत असे. रामजी काखोटीला फडके मारून बाहेर पडत, जवळच राहणाऱ्या लेकीकडे जाऊन पैसे मागत. तिच्याकडे नसले तर दुसऱ्या लेकीकडे. तिच्याकडेही रोख नसले तर दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. या हकीकतीत बापाइतक्याच मंजुळा आणि तुळसा या बहिणीही उभ्या आहेत. भावाच्या ग्रंथालयाची पहिली पुस्तके त्यांच्या दागिन्यांवर आलेली आहेत, हे विसरून चालणार नाही.

रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला का, याचे एक उत्तर मला इथे मिळते. चलनाची किंमत कशी ठरते हे त्या मुलाने पुढे लंडनमध्ये अभ्यासले. पेन्शनच्या रुपयाची किंमत त्याला परळलाच माहीत झाली होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजातल्या मुलाने हे करणे इतके दुर्मीळ होते की सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृ. अ. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिकवणार का, असे केळुसकरांनी विचारले तेव्हा पैशाची ओढाताण असूनही शिकवणार, असे रामजींनी सांगितले. इंटरनंतर केळुसकरांच्या खटपटीने सयाजीरावांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३

पदवीनंतर भीमराव बडोद्याच्या नोकरीवर निघाले. रामजींचा त्याला विरोध होता. तिथे मुलाचा अपमान होईल अशी त्यांना भीती होती. मुलाने ऐकले नाही. जानेवारी १९१३मध्ये ते बडोद्याला गेले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे मुलाची वाट पाहत होते. मुलगा दिसला, पाठीवरून हात फिरला आणि प्राण गेला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस, असे या दिवसाचे वर्णन कीरांनी केले आहे.

चरित्रकार इथे रामजींचा निरोप घेतात. पण सहा महिन्यांनंतरच्या एका पत्राकडे पाहायला हवे. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ऑगस्ट १९१३मध्ये तिथून त्यांनी वडिलांच्या एका जुन्या स्नेह्याला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की आई-बाप फक्त जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. मुलांचे भवितव्य आई-बाप घडवू शकतात. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती झपाट्याने होईल.

हे पत्र शिक्षणविषयक विचार म्हणून नेहमी उद्धृत होते. मला ते एका मुलाचे शोकपत्र वाटते. बाप जाऊन सहा महिने झालेले, पत्र बापाच्या मित्राला, आणि विषय हा, की आई-बाप मुलाचे कर्म घडवू शकतात. यात रामजींचे नाव घ्यायची गरजच नव्हती. ज्याला लिहिले त्याला ते कळणार होते. मुलींच्या शिक्षणाचा आग्रहही हवेतून आलेला नाही. छावणीच्या शाळेत मुली शिकत होत्या हे त्या घराला माहीत होते, आणि गहाण पडलेले दागिने कोणाचे होते हेही.

महाड आणि बेळगाव

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हणून आपण ती ओळखतो. दुसऱ्या दिवशीच्या मोर्चामुळे पहिल्या दिवसाचे अध्यक्षीय भाषण मागे पडते. त्या भाषणात बाबासाहेबांनी दापोली परिसरातल्या आपल्या बालपणाची आठवण काढली. हा भाग एकेकाळी पुढारलेला होता, फौजेमुळे इथे शिकलेली माणसे आणि अंमलदार होते, आणि भरती बंद झाल्याने सगळे मागे पडले, हे त्यांनी मांडले. ज्यांच्या बळावर राज्य मिळवले त्यांनाच सरकारने दूर लोटले, ही कृतघ्नता आहे, असा त्यांचा रोख होता. समोर कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले पेन्शनर बसले होते, त्यांच्या वडिलांच्या वयाचे. आणि त्याच भाषणात त्यांनी सांगितले की आपल्यापेक्षा आपल्या मुलांची स्थिती चांगली व्हावी असे ज्या आई-बापांना वाटत नाही, त्यांच्यात आणि जनावरांत फरक नाही.

१९१३च्या पत्रातलाच हा विचार आहे. तेव्हा एका स्नेह्याला कळवलेला, आता हजारोंना सांगितलेला. रामजींनी डबक चाळीत जे एका मुलासाठी केले, ते मुलाने सभेतल्या प्रत्येक बापाचे कर्तव्य म्हणून पुढे ठेवले.

राहिली ती बंद दाराची गोष्ट. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण समितीवर होते. महारांची स्वतंत्र रेजिमेंट असावी हा आग्रह त्यांनी धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला झाली. रामजींनी रानड्यांकडून लिहून घेऊ पाहिलेल्या अर्जाला जवळजवळ अर्धशतकाने उत्तर मिळाले. ते मिळवणारा अर्जदाराचा मुलगा होता.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. बाबासाहेबांची फौजभरतीची मागणी ही समाजाच्या हक्काची राजकीय मागणी होती, तिला वडिलांच्या आठवणीशी जोडणे भाबडेपणाचे आहे, असे कोणी म्हणेल. मागणी राजकीय होती हे खरेच. वलंगकर, कांबळे आणि कितीतरी पेन्शनर तीच मागणी करत होते आणि त्या सर्वांचा तो वारसा आहे. पण राजकीय मागणी आणि घरातले ऋण एकमेकांच्या आड येतात असे का समजावे? रामजी सुभेदारांचा अर्ज हा एका बापाचा अर्ज होताच. मुलगा मोठा झाला आणि त्याला कळले की आपल्या घरात जे घडले ते आपल्या वडिलांच्या चांगुलपणाने घडले, तसेच ते पलटणीच्या शाळेमुळेही घडले. मग वडिलांचे नुसते गुणगान करून तो थांबला नाही. ती शाळा इतर घरांना पुन्हा मिळावी म्हणून तो झटला. वडिलांचे उपकार मानणे याहून वेगळे काय असते?

त्या पलटणींत लाखांचे भवितव्य घडले असा दावा मी करणार नाही. मी एकाच घराची साक्ष देऊ शकतो. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली नसती, तर १९६३ साली चौथी शिकलेल्या एका पोराला तिच्या शाळेत बसता आले नसते. संपाच्या वर्षांत घरात पेन्शन आली नसती. आणि कोकणच्या पेन्शनरांविषयी हा लेख लिहायला त्याचा मुलगा लिहिता-वाचता राहिला असता की नाही, सांगता येत नाही. दादांचा आर्मी सेकंड क्लासचा कागद आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची अर्पणपत्रिका मी आता एकाच फाइलीत ठेवली आहे.